दाढीपूर्वीचे तेल घरच्या घरी

प्रश्न : थंडीत दाढी केल्यावर माझा गळा चरचरतो आणि त्यावर बारीक लाल पुरळ उठते. दाढीपूर्वी लावायचे तेल घरी करता येईल का? खोबरेल चालेल का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : अवश्य करता येईल. ब्लेड आणि त्वचा यांच्यामध्ये निसरडा थर राखणे हे या तेलाचे मुख्य काम असते. खोबरेल चालते, मात्र ते सुमारे २४ अंशांखाली थिजते आणि नाशिकच्या थंडीत पारा पुष्कळदा १० अंशांच्याही खाली उतरत असल्याने रोज सकाळी बाटली गरम पाण्यात धरावी लागेल. त्यापेक्षा एक चमचा एरंडेल आणि तीन चमचे द्राक्षबियांचे तेल कोरड्या, गडद काचेच्या बाटलीत एकत्र हलवून ठेवावे. एरंडेल दाट व चिकट असते, दुसरे तेल त्याला पातळ करते. (आपल्याकडची खाण्याची द्राक्षे बहुतेक बिनबियांची असल्याने हे तेल विकतच आणावे लागते.) सुवासासाठी लवंग वा निलगिरीचे तेल घालू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण ताज्या दाढीवर ते झोंबते.

केस तेलाने नव्हे, पाण्याने मऊ होतात. म्हणून कोमट पाण्याने चेहरा दोन-तीन मिनिटे भिजवून मगच तीन-चार थेंब तेल चोळावे. जास्त झाल्यास साबणाचा फेस बसतो आणि ब्लेडमध्ये केस अडकतात. प्रथम कोपराच्या आतील बाजूस लावून एक दिवस पाहावे. पुरळात पू दिसल्यास तेल थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.