बंडूचं काय करायचं?

"दोन-तीन वर्षांसाठी घर सोडावं लागतंय, कुत्र्याचं काय करू?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे लोक येतात, आणि हल्ली जास्तच येतात. पूर्वी कारण बदलीचं असायचं. आता मुंबई-ठाण्याकडे सोसायटीचा पुनर्विकास आणि पुण्याकडे ऑनसाइट, म्हणजे कंपनीने कामासाठी परदेशी पाठवणं. येताना बहुतेकांना थोडी लाज वाटत असते, कारण "कुत्र्यापायी कुणी समुपदेशकाकडे जातं का?" असं घरात कुणीतरी म्हणालेलं असतं. जावं, असं माझं मत. एरवी वर्षानुवर्षं न झालेली भांडणं या एका प्रश्नाच्या निमित्ताने तोंड उघडतात.

मेघना मुलुंडहून आली होती (नावं आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत). सोसायटी जुनी, बिल्डरशी करार झालेला, घरं रिकामी करायची नोटीस हातात पडलेली. दरमहा भाडं बिल्डर देणार, नव्या घराचा ताबा तीस महिन्यांनी, असं कागदावर. घरात नवरा संदीप, सातवीतला मुलगा ओम, सासूबाई आणि आठ वर्षांचा बंडू. बंडू गावठी, पिल्लू असताना पार्किंगमध्ये भिजत बसलेला सापडला तो तेव्हापासून घरातच.

ओमच्या शाळेजवळ घर हवं होतं, पण कुत्रा आहे म्हटलं की एजंट पुढे बोलेनात. मग घरात तोडगे निघाले. दिरांचं संगमेश्वरजवळ घर आहे, तिथे पाठवू. बोर्डिंगमध्ये ठेवू. "इथंच राहील, वॉचमन घालेल खायला." नाहीतर मालकाला न सांगता गुपचूप नेऊ. संदीप मात्र एकदाच बोलला होता, "कुणाला तरी देऊन टाकू." तेव्हापासून घरात तो वाईट ठरला होता आणि मेघना रात्री रडत होती.

वॉचमनचा तोडगा मी तिथल्या तिथे मोडीत काढला. इमारत पाडल्यावर वॉचमनही बदलतो आणि कंपाउंडही राहत नाही. शिवाय उपाशी राहील अशा अवस्थेत जनावर सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड फक्त दहा ते पन्नास रुपये, म्हणून कुणी मनावर घेत नाही, ही गोष्ट वेगळी. गुपचूप नेण्यातही अर्थ नव्हता. कुत्रा भुंकतो, मालकाला कळतं आणि दोन महिन्यांत पुन्हा सामान बांधायची वेळ येते.

याबाबत लोकांचा एक गोंधळ असतो, तो मेघनाचाही होता. भारतीय पशू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव करूनही नाही, आणि लिफ्ट वापरू नका असंही सांगता येत नाही. पण आपला फ्लॅट कुणाला भाड्याने द्यायचा हे मालक ठरवतो. त्याने लिव्ह अँड लायसन्सच्या करारात पाळीव प्राणी नको असं घातलं, तर त्याच्यापुढे या सूचना नाचवून घर मिळत नाही.

बोर्डिंगचा हिशेब तिनेच केला. दिवसाला सहाशे धरले तरी महिन्याला अठरा हजार, तीस महिन्यांचे पाच लाख चाळीस हजार. पैसे असते तरी मी नकोच म्हटलं असतं. लग्नकार्याला पंधरा दिवस ठेवायला ती सोय उत्तम आहे. अडीच वर्षं एखादा जीव तिथे राहिला, तर आपण घरीच पोहोचलो नाही एवढंच त्याला कळत असणार.

राहिलं संगमेश्वर. अंगण आहे, झाडं आहेत, मोकळी हवा आहे. शहरातल्या माणसाला कुत्र्यासाठी कोकणातलं घर म्हणजे स्वर्ग वाटतो. प्रत्यक्षात त्या भागात बिबट्या रात्री अंगणातली कुत्री उचलतो, म्हणून लोक कुत्रं संध्याकाळनंतर आत घेतात किंवा पडवीत बांधतात. पावसाळ्यात गोचिडी. आणि जन्मभर फ्लॅटमध्ये, पंख्याखाली झोपलेल्या बंडूला गावची कुत्री आपल्यात घेतीलच असं नाही. दिरांना कुत्रा हवा आहे का, असं मी विचारलं. "ते नाही म्हणणार नाहीत," मेघना म्हणाली. नाही न म्हणणारा माणूस आणि पहाटे उठून कुत्र्याला बाहेर नेणारा माणूस एकच असतो असं समजू नये.

अशा वेळी मी एक काम देते. कुत्र्याचा आत्ताचा एक दिवस तासांनिशी लिहून काढा, आणि प्रत्येक कामापुढे ते करणाऱ्याचं नाव घाला. मग शेजारी प्रत्येक पर्यायातला त्याचा दिवस लिहा. प्रेम किती आहे याची चर्चा कधीच संपत नाही. पहाटे पावणेसहाला खाली कोण नेणार याचं उत्तर चटकन मिळतं.

मेघनाचा कागद असा होता: पहाटेचं फिरणं संदीप, सकाळचं खाणं सासूबाई, दुपारी सासूबाईंच्या पलंगाखाली झोप, संध्याकाळी संदीप, रात्री दहाला पुन्हा संदीप. आंघोळ, नखं, गोचिडी काढणं संदीप. तिचं नाव एकदाच होतं, रविवारी डॉक्टरकडे नेण्यापुढे. तो कागद ती बराच वेळ बघत बसली.

पुढच्या वेळी संदीप आला, जरा नाखुषीनेच. "मॅडम, मी दुष्ट नाहीये," हे त्याचं पहिलं वाक्य. आठ वर्षं तो पावणेसहाला उठत होता. मित्रांबरोबर दोन दिवस कुठे जायचं तर घरी बंडूला कोण नेणार म्हणून जात नव्हता. आता लिफ्ट नसलेली तिसऱ्या मजल्यावरची घरं बघताना दिवसातून तीनदा हे चढउतार त्याला डोळ्यांपुढे दिसत होते. "आणि दादाकडे कुणी त्याला बांधून ठेवलंय हे कळलं तर मला झोप लागणार नाही. त्यापेक्षा ज्याला खरंच हवाय त्याच्याकडे कायमचा गेलेला बरा."

माझ्या अनुभवात ‘देऊन टाकू’ म्हणणारा माणूस पुष्कळदा तोच असतो, ज्याने सगळं केलेलं असतं. रडणारे वेगळे आणि राबणारे वेगळे, हे घरात कुणी मोठ्याने म्हटलेलं नसतं. शिवाय संदीपचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आपल्याला तीस महिने म्हणजे अडचणीचा काळ. आठ वर्षांच्या कुत्र्याच्या उरलेल्या आयुष्यातला तो मोठा हिस्सा, आणि पुनर्विकासाचे तीस महिने किती वेळा तिसाचे तीसच राहतात ते मुलुंडकरांना सांगायला नको. म्हणून मी अशा घरांना दोनच पर्याय खरे धरायला सांगते: नेटाने बरोबर ठेवा, किंवा मनापासून सोडा. ‘ठेवायला दिलाय, नंतर घेऊ’ ही मधली जागा सहा महिने-वर्षभरासाठी चालते, तीही ओळखीच्या माणसाकडे.

तीही कशी चालते ते बघा. पुण्याचं एक तरुण जोडपं वर्षभरासाठी जर्मनीला निघालं होतं, कुत्रीला घेऊनच जायचं म्हणत होतं. भारतातून युरोपीय संघात कुत्रा न्यायचा तर आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, तिच्यानंतर निदान तीस दिवसांनी रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत प्रतिपिंडांची चाचणी, आणि रक्त काढल्या तारखेपासून तीन महिने थांबणं. म्हणजे नव्याने सुरुवात केली तर चार महिने कुठेच गेले नाहीत. यांच्याकडे सात आठवडे होते. कुत्री साताऱ्याला बायकोच्या आईवडिलांकडे गेली. वर्षाने दोघं न्यायला आली तेव्हा वडील म्हणाले, "आता राहू दे इथंच." दोन दिवस रुसवेफुगवे झाले, पण ती राहिली तिथेच. कुत्रा ठेवायला देताना हीसुद्धा शक्यता मान्य असावी लागते. औषधपाण्याचा खर्च कुणी करायचा, ऑपरेशनची वेळ आली तर निर्णय कुणाचा, हे आईवडिलांशीसुद्धा आधी बोलून घ्यावं.

"पण त्याला वाटणार नाही का, आम्ही त्याला टाकलं?" हा प्रश्न मेघनाने तीनदा विचारला. तो शोधेल हे नक्की. पहिले काही दिवस दाराशी बसेल, कमी खाईल. दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरकडे न्यायचं. मग फिरण्याची वेळ, खाणं आणि एक ठरलेला माणूस मिळाला की बहुतेक कुत्री रुळतात. आपला वास असलेली, न धुतलेली चादर आणि तेच जुनं खाणं बरोबर द्यावं, आधी एक-दोनदा राहायला नेऊन आणावं. रोजचा व्हिडिओ कॉल मात्र आपल्यासाठी असतो. आवाज येतो आणि माणूस सापडत नाही, याने काही कुत्री उलट बेचैन होतात.

ओमचं मी वेगळं विचारलं. तो बंडूला खोलीत झोपू देत नव्हता, दार लावून घेत होता. सगळ्यांना वाटलं, परीक्षा आहे. त्याने आजीला सांगितलं होतं, "सवय करतोय." त्याला काही सांगितलेलं नव्हतं, शाळेत गेला की बंडूला पाठवायचं आणि आल्यावर समजवायचं, असा बेत होता. यावर मी फारशी मवाळ राहत नाही. मुलाच्या पाठीमागे कुत्रा हलवू नये, "फार्महाउसवर मजेत आहे" असली कहाणी तर मुळीच रचू नये. निर्णय मोठ्यांनी घ्यायचा, पण मुलाला तो होण्याआधी कळला पाहिजे, आणि निरोप घ्यायचा असेल तर त्याला तो घेता आला पाहिजे.

चौघं एकदा एकत्र बसली. सासूबाई म्हणाल्या की शाळेजवळचं घर हा हट्ट आपण कुत्र्याच्या आधी का धरला? ओम म्हणाला, तो ट्रेनने जाईल, मध्ये एकच तर स्टेशन. मग भांडुपला जुन्या इमारतीत तळमजल्याचं घर मिळालं. अंधारं आहे, भाडं बिल्डरच्या पैशांपेक्षा साडेतीन हजारांनी जास्त आहे. या वेळी एजंटला पहिल्याच वाक्यात कुत्रा आहे हे सांगितलं, मालकाला लसीकरणाचं पुस्तक दाखवलं, एक महिन्याचं डिपॉझिट जास्त दिलं आणि बंडूचा उल्लेख करारात घालून घेतला. पहाटेचे तीन दिवस मेघनाकडे आले, संध्याकाळ ओमकडे.

मेघनाला पहाटे उठणं अजून जड जातं, आणि त्यावरून कुरबुरी होतात. करार अकरा महिन्यांचा आहे, म्हणजे ताबा मिळेपर्यंत निदान दोनदा तरी मालकाची मनधरणी करावी लागणार. त्याने नाही म्हटलं तर बंडू काही महिने संदीपच्या ठाण्याच्या मावशीकडे जाईल, असं ठरलंय. तिच्याकडे तो आत्तापासून महिन्यातून एखादा शनिवार-रविवार राहून येतो.