ब्लॉग आणि सोशल मीडियावर जाणारा वेळ सार्थकी लागतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नोकरी सांभाळून तीन वर्षं शिवणकामावर ब्लॉग चालवताय, प्रत्येक लेख फेसबुक, इन्स्टाग्राम आणि एक्सवर टाकताय, आठवड्याचे आठ-दहा तास त्यात जातात आणि वाचक मात्र मोजकेच. हे चालू ठेवावं की बंद करावं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. ब्लॉग चालू ठेवा, सोशल मीडियाचा मोठा भाग सोडून द्या. पण हे माझ्या शब्दावर करू नका. ते आठ-दहा तास तुम्ही एकाच खात्यावर मांडले आहेत, ते आधी सुटे करा.

एक आठवडा वहीत नोंद ठेवा. लिहिण्यात आणि फोटो काढण्यात गेलेला वेळ एका रकान्यात. तोच लेख तीन ठिकाणी टाकणं, त्यासाठी फोटो कापणं, हॅशटॅग शोधणं हे दुसऱ्यात. वाचकांना उत्तरं देणं तिसऱ्यात. आणि ‘काही आलंय का बघू’ म्हणून फोन उघडला नि तिथेच रेंगाळलात, तो वेळ चौथ्यात. हा चौथा रकाना भरणं सगळ्यात अवघड, कारण तो दोन-दोन, तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत जातो आणि असे तुकडे वेळ म्हणून लक्षातच राहत नाहीत. माझ्या ओळखीतल्या ज्या लिहिणाऱ्यांनी अशी नोंद ठेवली, त्यांच्यापैकी बहुतेकांचा चौथा रकानाच सर्वांत मोठा निघाला. ‘ब्लॉगला वेळ फार जातो’ असं म्हणणाऱ्यांचाही.

यात तुमच्या स्वभावाचा दोष शोधू नका. लेख टाकायला तुम्ही जे ॲप उघडता तेच ॲप आधी तुमच्यासमोर इतरांचं काहीतरी मांडतं. पान संपतच नाही अशी स्क्रोलिंगची रचना ॲझा रॅस्किन या संगणक-रचनाकाराने २००६ मध्ये तयार केली आणि पुढे तिच्या परिणामांबद्दल स्वतःच जाहीरपणे खेद व्यक्त केला. फेसबुकचं लाइकचं बटण २००९ चं. या दोन गोष्टी एकत्र आल्या की लिहिणारा माणूस सापळ्यात सापडणारच, कारण त्याला परत परत येऊन बघायला एक सबळ कारण मिळालेलं असतं. नुसत्या वाचणाऱ्यापेक्षा लिहिणाऱ्याची ओढ जास्त असते.

हा वेळ काढून घेतला तर काय होतं, यावर एक चांगला प्रयोग झालेला आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या मध्यावधी निवडणुकीच्या आधी फेसबुक वापरणाऱ्या काही लोकांना मोबदला देऊन चार आठवडे खातं बंद ठेवायला सांगितलं. निष्कर्ष २०२० मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त छापून आले. माणशी दिवसाला सरासरी तासभर मोकळा झाला. तो दुसऱ्या समाजमाध्यमांवर गेला नाही, टीव्ही बघण्यात, घरच्यांत, मित्रमंडळींत गेला. समाधान वाढलं, पण थोडंसंच. बातम्यांची माहिती मात्र कमी झाली. आणि प्रयोग संपल्यावरही ही मंडळी पूर्वीपेक्षा कमीच वेळ फेसबुकवर जाऊ लागली. मला या प्रयोगातला हा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चार आठवडे दूर राहिल्यावर, कुणी सक्ती करत नसतानाही, लोकांना पहिल्याइतकी गरज वाटली नाही.

आता ब्लॉगकडे येतो. इथे मला थोडं सविस्तर सांगायचंय, कारण ब्लॉगचा हिशेब लोक लाइकच्या मापाने करतात आणि तिथेच तो चुकतो.

मी सायकल दुरुस्तीवर लिहितो. पेडलवर जोर दिला की चेन दात्यांवरून घसरते, ही सायकलवाल्यांची नेहमीची तक्रार. त्यावर मी एक लेख लिहिला, शीर्षक दिलं ‘चेनची झीज कशी मोजावी’. पद्धत सोपी आहे. चेनमध्ये दर अर्ध्या इंचावर एक पिन असते. पोलादी पट्टीचं शून्य एका पिनच्या मधोमध धरायचं, की १२ इंचांच्या खुणेवर दुसऱ्या एका पिनचा मध्य यायला हवा. तो खुणेच्या १/१६ इंच पुढे गेला असेल तर चेन बदलायची. १/८ इंच गेला असेल तर मागच्या दातेरी चकत्याही बहुधा गेलेल्या असतात. लेख टाकला त्या दिवशी सोशल मीडियावर त्याला जेमतेम प्रतिसाद मिळाला. दोन दिवसांत तो तिथून दिसेनासा झाला. ब्लॉगवर मात्र तो आजही रोज वाचला जातो.

का, ते गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये दिसतं. हे साधन फुकट आहे. ब्लॉग गूगलच्या ब्लॉगरवर असो की वर्डप्रेसवर, दोन्हीकडे जोडता येतं आणि लोक काय शोधत तुमच्यापर्यंत पोहोचले ते गेल्या १६ महिन्यांपर्यंतचं दाखवतं. माझ्या लेखावर येणाऱ्यांपैकी ‘चेनची झीज’ शोधत फारसं कुणी येत नाही. ‘चढावर पेडल मारताना कट्कन आवाज’, ‘पेडल एकदम मोकळं फिरतं’, ‘नवीन चेन टाकली तरी घसरते’ असं काहीबाही शोधत लोक येतात. म्हणजे हातात अडलेली सायकल घेऊन येतात. यातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि पुढचा लेख मिळाला: झिजलेल्या दात्यांवर नवी चेन का बसत नाही. वाचकांशी असलेलं हे नातं फार मोलाचं आहे, आणि ते लाइकच्या आकड्यात कधीच दिसत नाही. तुम्हीही आज ती यादी उघडून बघा. ‘झिपची चेन बसवताना कापड सरकतं’, ‘खालचा दोरा गुंततो’ असं काही शोधत कुणीतरी तुमच्याकडे येत असणार.

दुसरा फायदा लिहिणाऱ्याचा स्वतःचा. चेन ‘ताणली जाते’ असं आम्ही सगळेच म्हणतो. लेख लिहिताना ती का ताणली जाते हे समजावून सांगायची वेळ आली, तेव्हा जुनी चेन सोडवून पाहिली. चेनच्या बाजूच्या पट्ट्या जशाच्या तशा असतात. पिन आणि तिच्याभोवतीचा भाग घासून घासून प्रत्येक सांध्यात बारीकशी जागा सुटते आणि अशा सगळ्या सांध्यांची बेरीज होऊन चेन लांबते. हाताला वर्षानुवर्षं ठाऊक असलेली गोष्ट लिहिताना डोक्यालाही कळली. कुणी वाचो न वाचो, हा लाभ लेख पूर्ण होताच पदरात पडलेला असतो. तीन ओळींच्या पोस्टसाठी मी चेन सोडवली नसती.

ब्लॉगचं सगळंच छान आहे असंही नाही. शोधातून येणारे वाचक कमी होत आहेत. गूगलने मे २०२४ पासून अमेरिकेत आणि मग इतर देशांत शोधाच्या वरच एआयने तयार केलेलं उत्तर दाखवायला सुरुवात केली. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२५ मध्ये अमेरिकी वापरकर्त्यांचं निरीक्षण करून सांगितलं, की असं उत्तर दिसलं तेव्हा खालच्या नेहमीच्या दुव्यांवर लोकांनी ८ टक्के वेळा क्लिक केलं, ते नसताना १५ टक्के वेळा. जवळजवळ निम्म्यावर आलं. त्यामुळे दोन ओळींत सांगून होईल अशा माहितीसाठी ब्लॉग लिहिण्यात आता अर्थ उरलेला नाही. ‘सुई कुठल्या नंबरची वापरावी’ याचा तक्ता कुठेही मिळेल. तुमच्या हातून बिघडलेला आणि तुम्हीच सुधारलेला खिसा, उसवण्याआधीचा आणि नंतरचा फोटो, कुठल्या टप्प्यावर कापड ओढलं गेलं, हे कुठेही मिळणार नाही. त्यावर लिहा.

आणि सोशल मीडियावरचं लेखन किती टिकतं, तेही विचारात घ्या. लोकांना स्वतःची पानं उभारू देणारं जिओसिटीज याहूने २००९ मध्ये बंद केलं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. गूगल प्लसची सामान्य लोकांची खाती २ एप्रिल २०१९ पासून बंद झाली. मायस्पेसने त्याच वर्षी कबूल केलं, की सर्व्हर बदलताना २०१५ पर्यंत लोकांनी चढवलेली गाणी, फोटो, व्हिडिओ गमावले गेले. बंद न पडलेल्या ठिकाणीही नियम बदलतात. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केलं, की यापुढे पानांपेक्षा (पेजपेक्षा) मित्र आणि कुटुंबाच्या पोस्टना प्राधान्य देणार. ज्यांनी वर्षानुवर्षं खपून पान उभं केलं होतं त्यांचे वाचक एका निर्णयाने आटले. इन्स्टाग्रामवर फोटोखालच्या मजकुरात दुवा लिहिला तर त्यावर क्लिकच होत नाही. वाचकाने तुमच्याकडे जावं अशी त्यांची इच्छाच नाही, आणि त्यांच्या धंद्याच्या दृष्टीने ते स्वाभाविक आहे. तुम्ही मात्र तुमचे तास त्यात का घालावेत?

ब्लॉगलाही असा फटका बसलेला आहे, हे मान्य करायला हवं. आवडत्या ब्लॉगांचे नवे लेख एकाच जागी दाखवणारं गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं तेव्हा कित्येक ब्लॉगांचे नेमाने येणारे वाचक एका रात्रीत पांगले. म्हणून माझा आग्रह असतो, की नेहमीच्या वाचकांना नवा लेख ईमेलने जाईल अशी सोय करा. पन्नास जणांची ईमेल यादी मला पाच हजार फॉलोअरपेक्षा मोलाची वाटते.

सोशल मीडिया कुणाच्याच कामाचं नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. तुम्ही शिवलेले कपडे विकत असाल, वर्ग घेत असाल, ऑर्डर तिथूनच येत असतील, तर तो तुमचा धंदा आहे आणि त्याचा हिशेब वेगळा. आजारपणामुळे घरात अडकलेल्या किंवा फार थोड्यांना रस असलेल्या विषयात रमलेल्या माणसाला तिथे सोबत मिळते, तिची किंमत बाहेरच्याने करू नये. आणि शिवणकामात हाताची हालचाल दाखवायची असेल, बाहीचा गोलवा कसा बसवायचा वगैरे, तर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ दोन पानी वर्णनाला भारी पडतो. तो व्हिडिओ जरूर करा, पण लेखातही घाला.

पैशाचं म्हणाल तर मोजक्या वाचकांवर जाहिरातींतून नाव घेण्यासारखं काही सुटत नाही. त्या आशेने लिहीत असाल तर आजच थांबलात तरी चालेल.

तुमच्या जागी असतो तर मी पुढचे तीन महिने असे घालवले असते. तीन ठिकाणांपैकी एकच ठेवायचं, जिथे ओळखीपाळखीचे लोक खरोखर बोलतात ते. उरलेल्या दोन ठिकाणची खाती पुसायची घाई नाही, नुसतं लिहिणं थांबवायचं, निरोपाची पोस्टही टाकायची नाही. फोनवरची तिन्ही ॲप काढून टाकायची आणि जे एक ठेवलंय ते आठवड्यातून ठरलेल्या एका वेळी संगणकावर उघडायचं, लेखाचा दुवा टाकायचा, उत्तरं द्यायची, बंद. महिन्याला दोन लेख, पण अंगाने अनुभवलेले. तीन महिन्यांनी फक्त दोन गोष्टी बघायच्या: सर्च कन्सोलच्या यादीत लोकांचे नवे प्रश्न येताहेत का, आणि पुढचा लेख लिहायला बसावंसं वाटतंय का. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर वाचक कितीही वाढलेले असोत, खुशाल थांबा.

थांबायचं ठरलं तरी ब्लॉग पुसून टाकू नका, तो तसाच राहू द्या. स्वतःचं डोमेन (ब्लॉगचा स्वतःच्या नावाचा पत्ता) घेतलं असेल तर त्याची मुदत संपू देऊ नका. वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर पत्ता देऊन आपलं पान साठवता येतं, महत्त्वाचे लेख तिथे साठवून ठेवा. ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्हीकडे सगळे लेख एका फाइलमध्ये उतरवून घेण्याची सोय आहे. मात्र त्या फाइलमध्ये मजकूर आणि फोटोंचे नुसते पत्ते येतात, फोटो येत नाहीत. ते वेगळे उतरवून घ्यावे लागतात, आणि शिवणकामाच्या ब्लॉगमध्ये फोटोच गेले तर अर्धा लेख गेला, तेव्हा निर्णय काहीही होवो, फोटो या आठवड्यातच काढून ठेवा.