वाचकांचे प्रश्न : स्टेडियम उभं राहिलं, मातीचं काय?

प्रश्न : २०२४ च्या टी-२० विश्वचषकात न्यूयॉर्कला धावाच होत नव्हत्या. खेळपट्टी ऑस्ट्रेलियाच्या तज्ज्ञांनी बनवली होती म्हणे. मग चुकलं कुठे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : धावा होत नव्हत्या हे खरंच. ३ जूनला श्रीलंकेचा डाव ७७ वर आटोपला, ५ तारखेला आयर्लंड ९६, आणि ९ तारखेला भारताने ११९ धावा करूनही पाकिस्तानला ६ धावांनी हरवलं. १२ तारखेला आपल्या मुंबईच्या, पण अमेरिकेकडून खेळणाऱ्या सौरभ नेत्रवळकरने विराट कोहलीला त्याच्या पहिल्याच चेंडूवर परत पाठवलं, मग रोहित शर्मालाही बाद केलं.

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडच्या आयझेनहॉवर पार्कमधलं हे ३४,००० आसनांचं स्टेडियम जेमतेम तीन-साडेतीन महिन्यांत उभं राहिलं. प्रेक्षकसज्जे लास व्हेगासच्या फॉर्म्युला वन शर्यतीचे होते. लोखंडी सांगाडा नटबोल्टवर उभा राहतो, त्यात घाई चालते. मातीत चालत नाही.

इथली खेळपट्टी 'ड्रॉप-इन', म्हणजे दुसरीकडे तयार करून मैदानात आणून बसवलेली होती. अशा खेळपट्टीसाठी साधारण २५ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २० सेंटिमीटर खोल लोखंडी ट्रे लागतो. यातली मातीच पंचवीस टनांच्या वर भरते. ती चिकणमाती एकदम ओतायची नसते. पातळ थर द्यायचा, भिजवायचा, रोलर फिरवायचा आणि वाफसा आला की पुढचा थर. दोन थर नीट सांधले नाहीत तर आत पोकळी राहते आणि चेंडू तिथे 'मरतो', म्हणजे उसळतच नाही. वर गवत हवं. बर्म्युडा गवत वापरतात, म्हणजे आपली हरळीच. तिची मुळं खोल गेली की मातीला धरून ठेवतात आणि आतलं पाणीही खेचून घेतात, त्यामुळे खेळपट्टी वरपासून खालपर्यंत सारखी सुकते.

न्यूयॉर्कच्या खेळपट्ट्यांचं काम अॅडलेडच्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली २०२३ च्या अखेरीस सुरू झालं. थंडीत न्यूयॉर्कला गवत वाढत नाही, म्हणून ट्रे फ्लोरिडात ठेवले. तिथून हजार मैलांहून अधिक अंतर ट्रकने आणून मे महिन्यात मैदानात बसवले. पहिला सामना ३ जूनला! नवी माती, वर भेगा, आणि काही भेगांतून डोकावणारं गवत. चेंडू भेगेच्या कडेवर पडला की उसळायचा, बाजूला पडला की खाली राहायचा. आयर्लंडविरुद्ध रोहितच्या दंडाला चेंडू लागून त्याला मैदान सोडावं लागलं, ते याच असमान उसळीच्या खेळपट्टीवर. आउटफिल्डही (खेळपट्टीबाहेरचं मैदान) नवं आणि जड असल्याने चौकार अडत होते.

ड्रॉप-इन वाईटच, असा निष्कर्ष काढू नका. १९७७ मध्ये टीव्ही वाहिनीचा मालक केरी पॅकर याने भरवलेल्या सामन्यांसाठी ऑस्ट्रेलियात ही युक्ती निघाली आणि आज मेलबर्न, अॅडलेडला तीच चालते. पण तिथे त्याच खेळपट्ट्या वर्षानुवर्षं वापरून, भिजवून, दाबून मुरलेल्या असतात. लोणच्यासारखंच आहे हे.

प्रश्न : स्पर्धेनंतर स्टेडियम ओस पडतात. तात्पुरतीच का बांधत नाहीत? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : बांधतात, पण अर्धवट ठरवून बांधलं की दुप्पट भुर्दंड बसतो. लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये ८०,००० आसनं होती. खालची २५,००० कायमची, वरची ५५,००० काढून टाकता येणारी. कल्पना चांगली होती. पुढे वरचा भाग काढायचा बेत बदलला आणि तिथे फुटबॉल आणायचं ठरलं. धावपट्टीमुळे फुटबॉलचा प्रेक्षक मैदानापासून लांब राहतो, म्हणून पुढेमागे होणारी आसनं बसवावी लागली, छप्पर मोठं करावं लागलं. रूपांतराचा अंदाज १९ कोटी पौंड होता, झाले ३२.३ कोटी. आसनं सरकवण्याचा वार्षिक खर्च ३ लाख पौंड धरला होता, तो ८० लाखांवर गेला. फुटबॉलचा निर्णय नकाशा काढतानाच झाला असता तर यातलं बरंचसं टळलं असतं. माँट्रियलने १९७६ च्या ऑलिंपिकचं कर्ज फेडलं २००६ मध्ये. उलट लॉस एंजेलिसने १९८४ मध्ये १९३२ च्या ऑलिंपिकमधलंच कोलिझियम स्टेडियम वापरलं, खेळाडूंना विद्यापीठांच्या वसतिगृहांत ठेवलं आणि वर शिल्लकही दाखवली.

प्रश्न : २ नोव्हेंबर २०२५ ला डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झाला. तरी षटकं कमी का झाली नाहीत? (एक वाचक, नेरूळ)

उत्तर : अंतिम सामन्याला त्याच दिवशी दोन तासांचा वाढीव वेळ ठेवलेला होता. ३ ऐवजी बरोबर ५ वाजता सुरुवात झाली, म्हणून पूर्ण ५० षटकं मिळाली. आणखी उशीर झाला असता तर षटकं कापली गेली असती. राखीव दिवस असला तरी ठरलेल्या दिवशी प्रत्येकी किमान २० षटकांचाही खेळ होणार नसेल, तेव्हाच तिकडे जायचं. सामना मध्यरात्रीपर्यंत लांबला तो या वाढीव वेळेमुळेच.