बुग्याळ आणि मातीतलं बी

प्रश्न: उत्तराखंडात एका बुग्याळावर, म्हणजे हिमालयातल्या उंचावरच्या कुरणावर, तंबूंच्या जागी माती पार उघडी पडलेली दिसली. मातीत बी असतंच, मग गवत आपोआप येईल ना? ती माती इथे आणून बी उगवून पाहता येईल का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर: आपोआप येईलच असं धरून चालू नका. जिवंत बी बहुतेक वरच्या ५ सेंटिमीटरमध्येच असतं. तुडवून घट्ट झालेल्या उतारावर पाणी मुरत नाही, वाहतं, आणि नेमका तोच थर सोबत नेतं. उरलंसुरलं रुजलं, तर रात्री मातीतलं पाणी गोठून त्याच्या सुया रोप वर उचलतात आणि मुळं तुटतात. शिवाय कुटकी, जटामांसी या तिथल्या औषधी वनस्पतींचा पसारा मुख्यतः जमिनीखालच्या आडव्या खोडांवर चालतो. ती शाबूत असतील तर वावर थांबवणं हाच खरा उपाय. माती वाहून गेली असेल तर काथ्याच्या जाळ्या अंथराव्या लागतात. दयारा बुग्याळात तसं केलं आहे. बाहेरचं बी मात्र कृपा करून फेकू नका.

मातीचं म्हणाल, तर बुग्याळ राष्ट्रीय उद्यानात असेल तर तिथून परवानगीशिवाय चिमूटभरही उचलता येत नाही. कॉलेजमार्फत परवानगी मिळाली, तर त्या वर्षीची रोपं उगवून झाल्यावर, पण नवं बी पडण्याआधी नमुने घ्या. म्हणजे टिकून राहिलेलंच बी हाती लागतं. बी ठिकठिकाणी गोळा होऊन पडतं, म्हणून दोन-चार मोठे खड्डे नकोत, लहान नळीनं पुष्कळ जागी घ्या. ०-५ आणि ५-१० सेंटिमीटरचे थर वेगळे ठेवा.

माती ४ मिलिमीटरच्या चाळणीतून काढून, ओलसर करून, पिशवीत ६ ते ८ आठवडे फ्रिजमध्ये ४ अंशांवर ठेवा. फ्रीझरमध्ये नको, आणि कोरडी तर मुळीच नको. बी जागं करायला लागणाऱ्या थंडीचा कोरड्या बियांना उपयोग होत नाही. मग ट्रेमध्ये वाळूवर ती जेमतेम ५ मिलिमीटर पसरा. जाड थर दिला तर बारीक बियांना उजेड मिळत नाही आणि ती तशीच पडून राहतात. हे काम इंदुरात नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करा. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात बी पुन्हा सुप्त होतं, नाहीतर रोपं कुजतात.

एक ट्रे नुसत्या भाजलेल्या वाळूचा ठेवाच. त्यात गाजरगवत किंवा दुधी (भोपळा नव्हे, तण) उगवली, तर ती वाऱ्यानं आलेली इंदुरी पाहुणी. बुग्याळाच्या खात्यात मांडायची नाही. ओळख पटलेलं रोप मोजून उपटा, न पटलेलं कुंडीत वाढवा. उगवण थांबली की माती हलवून पुन्हा महिनाभर पाहा. तरीही काही उगवलं नाही, म्हणून बी नव्हतंच असं लिहू नका. सुप्त बी या पद्धतीत मोजणीतून सुटतं.