ठिपके गेले, रोग गेला का?

प्रश्न : आमच्याकडे 300 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी असून तीत दोन क्लाउन मासे, काही कोरल आणि शोभेची कोळंबी आहेत. महिन्यापूर्वी आणलेला पावडर ब्लू टँग मासा आम्ही थेट त्यांच्यात सोडला. आता एका क्लाउनच्या कुशीवर चीर पडली असून तिच्या कडा पांढुरक्या दिसतात. टँगच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके उठले होते, ते चार दिवसांत आपोआप गेले. दुकानदार सांगतो की टाकीत कॉपर (तांब्याचे औषध) घाला. घालावे का?
— एक वाचक, गोरेगाव

उत्तर : मुख्य टाकीत कॉपर मुळीच घालू नका, त्याने कोळंबी आणि कोरल मरतील, शिवाय दगड व वाळू ते शोषून घेत असल्याने मात्राही स्थिर राहणार नाही.

चिरेचे कारण बहुधा टँगच आहे. त्याच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पात्यासारखा धारदार काटा असतो आणि भांडताना तो शेपूट फटकारतो. चीर सरळ, कडा स्वच्छ आणि मासा खात असेल, तर शुद्ध पाणी व शून्य अमोनिया एवढ्यावर जखम भरते. कडा लाल होऊन मांस खोल झडू लागले, तरच जिवाणूंचा संसर्ग समजून पशुवैद्याच्या सल्ल्याने प्रतिजैविक द्यावे, तेही वेगळ्या टाकीत.

खरी चिंता ठिपक्यांची आहे. ते गेले याचा अर्थ क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी माशावरून उतरून वाळूत आणि दगडांवर कोश करून बसला, एवढाच. एका कोशातून शेकडो पिल्ले निघतात आणि पुन्हा मासा शोधतात. कॉपर मारते ते फक्त या पोहणाऱ्या अवस्थेला. (ठिपक्यांऐवजी बारीक, सोनेरी पूड दिसली आणि मासा पंपाच्या प्रवाहात तोंड धरून धापा टाकू लागला, तर तो व्हेल्व्हेट रोग, त्यात दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब असतो. अंधारात बाजूने टॉर्च मारून पाहा.)

म्हणून तिन्ही मासे वाळू-दगड नसलेल्या टाकीत हलवा. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे पुरतात. मुख्य फिल्टरमधला थोडा स्पंज, हवेचा पंप आणि क्लाउनना टँगपासून वेगळे ठेवणारी जाळी मात्र हवीच. कॉपर द्यायचे ते याच टाकीत: औषधाच्या लेबलवरील मात्रा एकदम न गाठता काही दिवसांत वाढवत न्या, टेस्ट किटने रोज मोजा आणि पूर्ण मात्रा साधारण महिनाभर टिकवा. अमोनिया दाबणारी रसायने कॉपरसोबत वापरू नयेत. त्याऐवजी पाणी बदला. पाणी आरओचे व चांगल्या मिठाचे घ्या. जुहूच्या किनाऱ्यावरून बादली भरून आणणारे अजूनही भेटतात, त्यांचे अनुकरण नको.

मुख्य टाकीत या काळात एकही मासा नसावा. आश्रयदात्या माशाविना परजीवी मरावा म्हणून 76 दिवस थांबण्याचा प्रघात आहे. आपल्याकडे मे महिन्यात पाणी सहज 30 अंशांवर जाते. पंखा लावून ते उतरवाल, तर बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी गोड्या पाण्यानेच भरा, नाहीतर खारटपणा चढेल.

टँगसाठी 300 लिटर मुळातच अपुरे आहेत. मोठ्या टाकीच्या मित्राकडे सोय होत असेल तर, उपचार संपल्यावर, त्याला तिथेच द्या. क्लाउन परत सोडताना जखम पूर्ण बुजली असल्याची खात्री करून घ्या.