दुसऱ्या देशात कंपनी काढण्याआधी

कमी कराचा देश शोधण्यापासून सुरुवात करू नकोस. आधी बघ, निर्णय कोण आणि कुठे बसून घेतं. कंपनी कागदावर तिकडची, पण कारभार सगळा इथून चालत असेल, तर कर खातं तिला इथलीच धरू शकतं. आपल्याच दोन कंपन्यांमधला व्यवहार त्रयस्थाशी केल्यासारख्या दरानेच हवा. तो दर कसा ठरवला हे तेव्हाच लिहून ठेव. नोटीस आल्यावर रचलेली कागदपत्रं लगेच ओळखू येतात. दुहेरी कर टाळण्याच्या कराराचा लाभ हवा तर कंपनी कोणत्या देशाची करदाती आहे हे सांगणारा कर खात्याचा रहिवासी दाखला वेळेत काढ. आणि कुठल्याही देशात कमावलं तरी निदान १५ टक्के कर भरायला लावणाऱ्या किमान जागतिक कराची धास्ती सोड, तो ७५ कोटी युरोंच्या वार्षिक उलाढालीपासून पुढच्या बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या समूहांसाठी आहे.