मनालीचा एप्रिल : ऊन, पाऊस की बर्फ?

प्रश्न : एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात चार वर्षांच्या मुलीला घेऊन मनालीला जातोय. मोबाइलवरचा अंदाज रोज बदलतो. कपडे काय न्यावेत? अटल बोगद्यापलीकडे लाहौलमधल्या सिस्सू गावाला कधी जावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मोबाइलवर दरी आणि डोंगरमाथा यांचा एकच सरासरी आकडा येतो, म्हणून तो फसवा. त्यापेक्षा उंची बघा. मनाली साधारण २,०५० मीटरवर, तर बोगद्याचं तोंड ३,०६० मीटरवर. हजार मीटर चढलं की तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे मनालीत ८ अंश आणि रिमझिम असेल, तर वर बर्फ पडत असल्याची शक्यता दाट. भूमध्य समुद्राकडून पाऊस-बर्फ घेऊन येणारे पश्चिमी झंझावात एप्रिलमध्येही धडकतात आणि बहुतेक वेळा दोन-तीन दिवस मुक्काम करतात. त्यासाठी हवामान खात्याच्या शिमला केंद्राचा इशारा रोज संध्याकाळी वाचा. इशारा नारिंगी रंगाचा असेल तर दुसऱ्या दिवशी बोगदा नकोच. सहलीत एक दिवस मोकळा ठेवला की ही अदलाबदल जमते.

आभाळ निवळलेल्या रात्री कडाक्याची थंडी पडते, वितळलेलं पाणी रस्त्यावर गोठतं आणि तो काचेसारखा थर दिसतही नाही. म्हणून सकाळी आठनंतर निघा. दुपारी ढग दाटतात, तेव्हा दोनच्या आत बोगद्याच्या अलीकडे परत या. स्वतःची गाडी असेल तर बर्फात पकड देणाऱ्या साखळ्या इंजिनाची ताकद जाते त्या चाकांना बांधायच्या. बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढची असतात. मागे बांधल्या तर गाडी जागीच चाकं फिरवते. उतारावर दुसरा गिअर, ब्रेकवर जोर नको.

एकच जाडजूड जॅकेट नेऊ नका. आत थर्मल, त्यावर फ्लीस (हलक्या उबदार कापडाचा कोट), वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. जीन्स भिजली की दिवसभर वाळत नाही. मुलीसाठी हातमोज्यांचे आणि लोकरी मोज्यांचे तीन-तीन जोड घ्या, पहिला जोड बर्फात दहा मिनिटांत भिजतो. गॉगल तिलाही हवा. ताजा बर्फ अतिनील किरणं परतवतो.

प्रश्न : एप्रिलमध्ये मनालीला सफरचंदाचा बहर दिसेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बहुधा हो. कुलूकडच्या खालच्या बागा आधी फुलतात, मनालीच्या नंतर. झाडांवरच्या जाळ्या गारांपासून बचावाच्या. त्यांना हात लावू नका. बागेतल्या मधमाश्यांच्या पेट्यांपासूनही दूर राहा. गार, ओल्या हवेत माश्या बाहेर पडत नाहीत आणि फळधारणा घटते, त्यामुळे बागाइतदार या दिवसांत आभाळाकडेच डोळे लावून असतात.